सोयीचा भाऊ

सॅली हेमिंग्ज या गुलाम स्त्रीच्या मुलांचे वडील अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन होते का? घराण्याचं ठरलेलं उत्तर: छे, ती भाच्यांची करणी! जेफरसनचा औरस पुरुषवंश चालला नव्हता, म्हणून 1998 मध्ये त्यांच्या काकांच्या पुरुषवंशजांचं वाय गुणसूत्र तपासलं. सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन, त्याच्या वंशजाशी ते तंतोतंत जुळलं. भाच्यांच्या वंशाचं जुळेना. भाचे निर्दोष सुटले! मग काहींना एकाएकी अध्यक्षांचे धाकटे बंधू रँडॉल्फ आठवले. सख्ख्या भावांचं वाय गुणसूत्र सारखंच, त्यामुळे विज्ञानालाही तोंड उघडायची सोय नाही. शिवाय रँडॉल्फ 1815 मध्येच वारलेले. अब्रुनुकसानीचा दावा लावणार कोण?