कपातला केक, खापरावरची पोळी

आमच्या भडगावातही कपकेक आला. कागदी वाटीत मुठीएवढा केक, वर क्रीमचं मुंडासं, त्यावर चंदेरी मणी. किंमत ऐकून वाटलं, डझनाचा भाव सांगतायत. तेवढ्यात केळीच्या दोन फण्या आल्या असत्या! प्रकार तसा जुनाच. 1796 सालच्या अमेलिया सिमन्सच्या अमेरिकन पाकपुस्तकात छोट्या कपांत भाजायचा केक आहे.

आखाजीला खापरावर हातभर पुरणपोळी टाकणाऱ्या आक्काने तो उलटसुलट पाहिला. ‘हाई ते चाखाले व्हयनं, खावाले काय शे?’ मग बोटाने क्रीम चाटलं, हळूच कागदही.

आता वाढदिवसाला एक येतो, चौघांत कापून. एरवी कळण्याची भाकरी नि भरीत. व्हॅनिला आक्काला चालतो; दात लाल करणाऱ्या रेड व्हेल्वेटला मात्र अजून माफी नाही.