पुढची योजना कोट्यधीशांसाठी

राजाजींनी १९५९ साली स्वतंत्र पक्ष काढला आणि ‘परमिट-लायसन्स राज’च्या नावाने उरलेलं आयुष्य बोटं मोडली. गंमत अशी की त्याच्या दहा वर्षं आधी, ते गव्हर्नर जनरल असताना, बेंगळुरूत एक अख्खी वसाहत त्यांच्या नावाने उभी राहू लागली होती. तिथे साइट हवी तर सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्डाकडे अर्ज, अर्जाची पावती, पावतीला नंबर, आणि नंबर लवकर लागावा म्हणून एखाद्या साहेबाची ओळख. परमिटशी उभा दावा मांडणाऱ्याचं नाव परमिटच्या वसाहतीला! राजाजीनगरकरांना यात काही वावगं वाटत नाही. नाव कुणाचंही असो, मालमत्तेचा खाता आपल्या नावावर असला म्हणजे झालं.

योजना मात्र झकास होती, हे कबूल केलं पाहिजे. औद्योगिक उपनगर. कारखाना इथे, कामगारही इथेच. भोंगा झाला की डबा उचलायचा आणि चालत निघायचं. मराठी माणसाला हे नवं नव्हतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना आणि वस्ती एकदमच वसवली होती. त्यांचेच चिरंजीव रवी किर्लोस्कर यांनी १९४६ साली बेंगळुरूच्या या टोकाला किर्लोस्कर इलेक्ट्रिक काढली. कामगारांची वसाहत म्हटल्यावर पत्तेही बिल्ला नंबरासारखेच पडले: अमुक ब्लॉक, तमुक मेन, साठावा-सत्तरावा क्रॉस. पुढे पुढे तर नाव शोधायचाही कंटाळा आला असावा, कारण शेजारच्या लेआउटचं नाव सरळ ‘वेस्ट ऑफ कॉर्ड रोड’ ठेवलं. उद्या कुणी ‘पाण्याच्या टाकीच्या मागे’ नावाचं नगर काढलं तरी पोस्टमन बिनचूक पोचेल.

आज किर्लोस्करांच्या त्या जागेवर ब्रिगेड गेटवे आहे. सुमारे ४० एकर. मॉल, पंचतारांकित हॉटेल, वर्ल्ड ट्रेड सेंटरचा मनोरा, कृत्रिम तळं आणि तळ्याकाठी फ्लॅट. पूर्वी जिथे विजेच्या मोटारी बनत, तिथे आता पेट्रोलच्या मोटारी पार्क होतात; म्हणजे परंपरा अगदीच तुटली असं म्हणता येणार नाही. कामगारही रोज येतात. कुणी सिक्युरिटीच्या गणवेशात, कुणी फरशी पुसायचं यंत्र ढकलत. राहायला ते पार पीन्याच्या पलीकडे, हा भाग वेगळा. राजाजीनगरात कामगारांच्या हक्काचं भक्कम असं एक ईएसआय हॉस्पिटल उरलंय. थोडक्यात, कामगाराने इथे कामाला यावं, आजारी पडायला यावं, पण मुक्कामाला येऊ नये.

जुन्या साइटींचं काय झालं, ते पाहायला कुठलाही क्रॉस चालेल. वीस बाय तीस फुटांचा तुकडा. कधीकाळी त्यावर दोन खोल्या, पुढे हातभर अंगण आणि तुळस. आता खाली स्टिल्ट पार्किंग, वर चार मजले, त्यावर पत्र्याची शेड, शेडीत पीजीची पोरं. जिना इतका अरुंद की गोदरेजचं कपाट दोर बांधून बाहेरून चढवावं लागतं. नियमाने सोडायच्या मोकळ्या जागेत आता फक्त बीस्कॉमचा मीटर मावतो. शेजारणीने सांबाराची वाटी मागितली तर खिडकीतून हात लांबवला की काम होतं. दारावर पाटी: ‘टू-लेट, व्हेज ओन्ली’. अ‍ॅडव्हान्स दहा महिन्यांचा. आणि मालक? ते सर्वांत वर, सोलर हीटरच्या शेजारी, गल्लीत वाढत चाललेल्या गर्दीबद्दल असोसिएशनला पत्र लिहीत बसलेले.

मुंबईकरांनी हसू नये. त्यांनी हे सगळं आधी करून ठेवलंय. १९२०च्या दशकात सरकारने कामगारांसाठी बीडीडी चाळी बांधल्या, १६० चौरस फुटांच्या खोल्या. भाडं ऐकूनच कामगार फिरकले नाहीत. सविनय कायदेभंगात मग वरळीच्या रिकाम्या चाळींचा तुरुंग झाला. सरकारी घराला भाडेकरू मिळवायचा इतका खात्रीचा उपाय पुन्हा कुणाला सुचलेला नाही. शंभर वर्षांनी चाळी पाडायच्या ठरल्या, तर नवी घरं होण्याआधी नामकरण उरकून घेतलं: वरळीला बाळासाहेब ठाकरे, नायगावला शरद पवार, ना. म. जोशी मार्गावर राजीव गांधी. सरकार तीन पक्षांचं असलं की घराचा ताबा सावकाश मिळतो, पण पाटीची वाटणी चोख होते. गिरण्यांच्या जमिनीवर मॉल आले आणि गिरणी कामगाराला घर दाखवलं शेलू-वांगणीला. ‘कर्जत लोकल आहे की!’ असं म्हणणाऱ्यांनी ती सकाळी पकडून पाहावी. म्हाडाच्या २०२३च्या सोडतीत ताडदेवला साडेसात कोटींचं घर होतं. ते एका आमदारांना लागलं आणि परवडत नाही म्हणून परत गेलं. लोकप्रतिनिधीला परवडत नाही असं घर सार्वजनिक गृहनिर्माणात सापडावं, यापेक्षा समाजवाद तो काय असतो?

या सगळ्यातून एक नियम स्वच्छ दिसतो. सरकारी घर ज्याच्यासाठी बांधावं त्याला ते मिळत नाही. तेव्हा कामगारांसाठी घरं बांधणं ताबडतोब थांबवावं आणि पुढची योजना थेट कोट्यधीशांसाठी काढावी. चांगली बाराशे फुटांची घरं, दोन लिफ्ट, कावेरीचं पाणी, खाली पोहण्याचा तलाव. पात्रता कडक ठेवावी: वार्षिक उत्पन्न किमान पाच कोटी, तीन वर्षांची विवरणपत्रं, एका परदेशस्थ अपत्याचा दाखला. फॉर्म मात्र नेहमीचाच, नेहमीच्याच खिडकीवर, जेवणाच्या सुट्टीसकट. मग निर्धास्त राहावं. पंचवीस-तीस वर्षांत, आपल्या यंत्रणेच्या लौकिकाला जागून, ती सगळी घरं फिटर, टर्नर, झाडलोट करणारे पौरकार्मिक आणि इडलीच्या गाडीवाल्यांच्या हाती गेलेली असतील. वर्तमानपत्रांत ‘कोट्यधीश वंचितच’ असे मथळे येतील. चौकशी समिती नेमली जाईल. अहवाल येईपर्यंत फिटरच्या नातीचं लग्न त्याच क्लब हाउसात लागलेलं असेल.

अडचण एकच, लोकप्रतिनिधींच्या कोट्याची. म्हाडा त्यांच्यासाठी अत्यल्प उत्पन्न गटातही घरं राखून ठेवत आली, यावर काही लोक उगाच नाक मुरडतात. तो कोटा आहे तिथेच राहू द्यावा. निवडणुकीची शपथपत्रं काढून पाहा, त्यांतल्या कित्येकांच्या नावावर साधी गाडीसुद्धा नाही.