सेक्रेटरी

पनवेलमध्ये मुलाचं लग्न ठरलं की हॉल, भटजी आणि केटरर या तिघांच्या तारखा आधी धराव्या लागतात. अलीकडे त्यात चौथ्याची भर पडली आहे. तो चौथा म्हणजे सेक्रेटरी. त्यांना खरं नाव आहे, पण ते फक्त आधार कार्डाला आणि रेल्वेच्या टीसीला ठाऊक. ते सोसायटीचे सेक्रेटरी, गणपती मंडळाचे सेक्रेटरी आणि टेनिस बॉल क्रिकेटच्या टीमचेही सेक्रेटरी. ही पदं त्यांच्याकडे कधी आली हे कुणाला आठवत नाही आणि काढून कशी घ्यायची हे कुणाला सुचत नाही. आता आळीतल्या पोरांच्या बॅचलर पार्ट्याही त्यांच्याच दप्तरी जमा झाल्या आहेत.

वय पन्नाशीच्या आसपास. शर्टाच्या खिशात दोन पेनं, त्यातलं एक लाल. घरी वहिनी आणि बारावीतली मुलगी. आणि दारूशी त्यांचा संबंध परवान्यापुरता. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, १९४९ च्या दारूबंदी कायद्याने तशी सोय करून ठेवली आहे, हे बऱ्याच जणांना कुणीतरी हटकल्यावरच कळतं. सेक्रेटरींनी हजार रुपये भरून आजीव परवाना काढलाय आणि लॅमिनेट करून घेतलाय. कायद्याच्या लेखी हा परवाना आरोग्याच्या रक्षणासाठी असतो. "माझं आरोग्य उत्तम आहे," सेक्रेटरी सांगतात, "पण उद्या बिघडलं तर धावपळ नको." स्वतः पितात ते लिंबू सोडा. तोही मीठ घालून, कारण साखरेचा मागितला की वेटर बिलात दहा रुपये वाढवतो असा त्यांचा अनुभव आहे.

तसं पाहिलं तर पनवेल-उरणच्या पट्ट्याला बॅचलर पार्टी बाहेरून आणायची गरज नव्हती. इथे हळद आहे. सकाळी धवलारणीचे धवले, रात्री डीजे, मटणाची पातेली आणि मांडवामागे खुर्च्या लावून बसलेली मंडळी. एवढं सगळं दारात असताना गोव्याला कशाला जायचं, हा आईबापांचा प्रश्न रास्तच होता. पण २००१ साली 'दिल चाहता है' आला, २०११ साली 'ज़िंदगी ना मिलेगी दोबारा' आला, आणि लग्नाआधी मित्रांबरोबर समुद्रावर गेलं नाही तर संसार कच्च्या पायावर उभा राहतो असं पोरांनी मनाशी पक्कं केलं. घराघरांत ताण निर्माण झाला. तो सेक्रेटरींनी एका वाक्यात सोडवला. नवरदेवाच्या आईला ते म्हणाले, "वहिनी, नातेवाईक केळवण करतात ना? हे मित्रांचं केळवण."

केळवण म्हटल्यावर विरोध करणार कोण? आणि मग प्रत्येक घरात एकच प्रश्न उरला. "सेक्रेटरी जातायत ना बरोबर? मग जा."

आपल्याकडे मोकाट सुटायलाही परवानगी लागते आणि परवानगीला जामीन लागतो. सेक्रेटरी हे पनवेलचे सर्वमान्य जामीन आहेत.

आमच्या चुलतभावाचं लग्न एप्रिलमध्ये होतं. मार्चमध्ये गोवा ठरलं. पहिली बैठक सोसायटीच्या गच्चीवर झाली आणि तिचं इतिवृत्त लिहिलं गेलं. पहिलाच ठराव: गाडीने जायचं की रेल्वेने. पोरांना गाडी हवी होती. मुंबई-गोवा महामार्ग आपल्या दारातूनच तर सुरू होतो, पूर्वीचा १७ नंबर, आताचा ६६. पनवेलहून निघालेला हा रस्ता थेट कन्याकुमारीला जातो. सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं. त्या वर्षी पहिलीत गेलेली पोरं आता कायद्याने लग्नाच्या वयाची झालीत. तुम्हाला लग्नाला वेळेवर परत यायचंय ना?" ठराव रेल्वेच्या बाजूने मंजूर.

रेल्वेतही एक मेख होती. कोकणकन्या मुंबईहून रात्री अकराच्या सुमारास सुटते आणि पनवेलला येईपर्यंत बारा वाजून गेलेले असतात, म्हणजे तारीख बदललेली असते. शुक्रवारी रात्री बॅगा घेऊन स्टेशनवर गेलेली आणि आपली गाडी काल रात्रीच निघून गेली असं कळून परत आलेली कितीतरी कुटुंबं पनवेलमध्ये आहेत. ती त्याबद्दल बोलत नाहीत. सेक्रेटरींनी तारीख अचूक धरली होती, पण एका गोष्टीचा सल त्यांच्या मनात होता. आगाऊ आरक्षणाची मुदत नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० वर आली. "चार महिने आधी तिकीट काढलं की पोरगं लग्नातून माघार घेत नाही," ते म्हणाले. "दोन महिन्यांत काय, मन बदलू शकतं."

थिवीला उतरलो तेव्हा सकाळ होती. रिक्षात बसायच्या आधीच सेक्रेटरींनी सगळ्यांना क्रमांक वाटले. नवरदेव एक नंबर. मी चार. "कुठेही असा, मी 'नंबर!' म्हटलं की ओळीने बोलायचं." मग आचारसंहिता वाचली. किनाऱ्यावर बाटली उघडायची नाही. गोव्याने २०१९ साली यासाठी माणशी दोन हजार दंड ठरवला आणि टोळक्याला दहा हजारांपर्यंत. "आपण टोळकं आहोत," त्यांनी लाल पेनाने अधोरेखित केलं. शापोऱ्याच्या किल्ल्यावर पाय सोडून फोटो काढायचा, पण भिंतीपासून दोन हात मागे बसून. गोव्यात वयाची अट २१ आहे, महाराष्ट्रात कडक दारूला २५. सबब सहा नंबरने जी काय हौस असेल ती इथेच फेडावी.

खरी अडचण संध्याकाळी आली. बागाच्या गल्लीत एका क्लबच्या दारात बाऊन्सरने हात आडवा केला. फक्त जोडपी. नुसत्या पुरुषांना प्रवेश नाही. पनवेलहून आलेले पुरुष, अंगावर कोऱ्या फुलाफुलांचे शर्ट, आणि समोर बंद दोरी. पोरांचे चेहरे उतरले. सेक्रेटरी पुढे झाले, बॅगेतून लग्नपत्रिका काढली आणि बाऊन्सरच्या हातात ठेवली. "ये नवरदेव है. आधा कपल तो हो ही गया. बाकी आधा अठ्ठावीस तारीख को." बाऊन्सर हरियाणाचा. त्याने पत्रिका उलटी धरून वाचली आणि आत सोडलं नाही. तरी सेक्रेटरींनी पत्रिका परत घेतली नाही. "राहू दे तुमको. सहकुटुंब आना."

पुढे निघाल्यावर त्यांनी सांगितलं की हे होणार हे त्यांना माहीतच होतं. फक्त नियमाप्रमाणे एकदा अर्ज करून नकार घेतला. खरा बेत वेगळाच होता. त्यांनी आमची नावं गाईडेड पब क्रॉलमध्ये आधीच घातली होती. एकदाच पैसे भरायचे, मनगटाला पट्टा बांधायचा, आणि शिट्टीवाला गाईड सगळ्यांना एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये नेणार. चार ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी दारातच एक शॉट फुकट, आणि गाईड बरोबर असल्यामुळे कुणी अडवणार नाही. थोडक्यात, विसर्जनाची मिरवणूकच, फक्त मूर्ती चालत्याबोलत्या आणि शेवटी बुडवायचं कुणालाच नाही.

क्रॉलमध्ये आमच्याशिवाय दिल्लीचा एक गट होता, हैदराबादचा एक होता, आणि एक इंग्रज जोडपं होतं, जे बहुतेक चुकून आलं होतं. गाईड पंचविशीचा, कानात बाळी, इंग्रजी-हिंदीची फटाफट सरबत्ती. "गाईज, गाईज, लिसन अप!" सेक्रेटरींनी त्याच्याकडे एक मंडळ दुसऱ्या मंडळाकडे बघतं तसं पाहिलं. मग जवळ जाऊन हळूच विचारलं, "गाव खंयचा रे तुझा?"

गाईडची सरबत्ती थांबली. "बांद्याचो, काका."

संपलं. त्यानंतर 'गाईज' उरले नाहीत, 'काका' उरले. पहिल्या बारमध्ये गाईड डोकी मोजत होता आणि प्रत्येक वेळी वेगळा आकडा येत होता. सेक्रेटरी बाजूला उभे राहून हे दुःख सोशीत होते. दुसऱ्या बारच्या वाटेवर त्यांना राहवलं नाही. त्यांनी दिल्लीकरांना क्रमांक दिले, हैदराबादकरांना दिले, इंग्रज जोडप्याला दिले. तिसऱ्या बारच्या दारात "नंबर!" अशी आरोळी उठली आणि एकापासून सत्तावीसपर्यंत सगळे मराठीत बोलून मोकळे झाले. दिल्लीचा एक जण रात्रभर ज्याला त्याला "मैं अठरा हूँ" अशी स्वतःची ओळख करून देत फिरत होता. शिट्टी कुणाच्या गळ्यात कधी गेली ते मी पाहिलं नाही, पण तिसऱ्या बारमध्ये ती सेक्रेटरींच्या गळ्यात होती.

शॉटचं प्रकरण नाजूक होतं. सेक्रेटरी पीत नाहीत, पण पैसे भरलेले. हक्काची वस्तू सोडणं त्यांच्या स्वभावात नाही, आणि ती दुसऱ्याला देणं हा त्यांच्या मते हिशेबातला घोळ. त्यांनी पिशवीतून पाण्याची रिकामी बाटली काढली आणि प्रत्येक बारमध्ये आपला शॉट तीत ओतून घेतला. पहिला निळा, दुसरा लाल, तिसरा हिरवा. चौथा पडल्यावर बाटलीतल्या द्रवाला कुठल्याच भाषेत नाव नसलेला रंग आला. त्यावर त्यांनी तारीख घातली.

दहाला पाच कमी असताना ते अस्वस्थ झाले. आम्ही एका उघड्या गच्चीवर होतो आणि स्पीकर दणाणत होते. गणपती मंडळामुळे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम त्यांना आरतीसारखे पाठ. "दहानंतर उघड्यावर स्पीकर नाही," त्यांनी गाईडला सांगितलं. "परवानगी आहे का लेखी?" गाईड म्हणाला, काका, आता आतच जायचंय. मग त्यानेच आपली भर घातली, की तिकडे युरोपात प्राग शहराने २०२४ साली असले गाईडेड क्रॉल रात्री दहा ते सकाळी सहा बंदच करून टाकले. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "बघा," ते आम्हाला म्हणाले, "दहाचा नियम जगभर आहे. आपण उगाच पोलिसांना नावं ठेवतो."

नवरदेवाला चौथ्या बारमध्ये भरून आलं. त्याला होणाऱ्या बायकोला फोन करून काहीतरी फार खरं सांगायचं होतं. अशा क्षणी अनेक लग्नं मोडायच्या बेतात येतात. पण फोन होता कुठे? सगळे फोन संध्याकाळीच जमा करून घेतलेले, 'शुभविवाह' छापलेल्या कापडी पिशवीत, प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी. नवरदेव पिशवीकडे पाहून रडला. सेक्रेटरींनी त्याला वहीचं एक पान फाडून दिलं. "लिही. सकाळी वाचू. योग्य वाटलं तर पाठवू." सकाळी त्या पानावर फक्त "तू आणि मी आणि सुरमई" एवढंच निघालं. पाठवण्यात आलं नाही.

पोरं आत नाचत होती तेव्हा सेक्रेटरी आणि गाईड बाहेर कट्ट्यावर बसले होते. मी लिंबू सोडा पोहोचवायला गेलो तर मुलाखत चालू होती. घरी कोण कोण, आंब्याची कलमं किती, पगार हातात किती पडतो. गाईड सांगत होता की सीझनमध्ये रोज रात्री कुणातरी नवरदेवाला सांभाळतो. शेकडो झाले असतील.

"आणि तुझं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"नाय झाला अजून. गोव्यात रात्रीचा काम म्हटल्यावर मुलगी कोण देतलो?"

सेक्रेटरींनी वही उघडली. लाल पेन काढलं.

परतीच्या दिवशी बाटलीचा प्रश्न आला. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणता येत नाही, आणि आजीव परवाना हा पिण्याचा असतो, आणण्याचा नव्हे, हे त्यांनी कुणी न विचारता स्पष्ट केलं. बांद्याच्या पुढे इन्सुलीच्या नाक्यावर रात्रंदिवस तपासणी असते, रेल्वेत नसली म्हणून काय झालं. शेवटी ती बेनाम रंगाची बाटली रीतसर गाईडच्या स्वाधीन झाली. पोचपावती घेतली.

पनवेलला आल्यावर आठवड्याभरात हिशेबाची बैठक झाली, त्याच गच्चीवर. जमा, खर्च, रिक्षा, मासे, नारळ, इलेक्ट्रालची पाकिटं, नवरदेवाने फोडलेला एक ग्लास. सगळी वजावट होऊन काही रक्कम शिल्लक राहिली. पोरं म्हणाली, वाटून टाका किंवा बिर्याणी मागवा. सेक्रेटरींनी चष्मा काढला. शिल्लक वाटता येत नाही, ती पुढल्या लग्नात वर्ग होते, हा पायंडा आहे.

"पण पुढलं लग्न कुणाचं?" सहा नंबरने घाबरून विचारलं. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"तुझं नाही," सेक्रेटरी म्हणाले. "बांद्याच्या पोराचं. खारघरला माझ्या चुलत मेहुणीची मुलगी आहे, नर्स. तिचीही रात्रपाळीच असते, त्यामुळे वेळा जुळतात. मंगळवारी बघायला येतोय." मग त्यांनी पान उलटलं. गोव्याच्या गाईडला बॅचलर पार्टीला गोव्याला कसं नेणार? त्याला पनवेलला आणायचं होतं. कार्यक्रम तयार होता: सकाळी पळस्प्याला वडा, मग कर्नाळ्याच्या अभयारण्यात पक्षी, दुपारी कुणाच्या तरी हळदीचं मटण. त्यानंतर धूतपापेश्वरचा कारखाना, बाहेरून. "१८७२ पासून आसवं-अरिष्टं करतायत इथे. गोव्याचं कौतुक आपल्याला कुणी सांगू नये." संध्याकाळी वडाळे तलावाला फेरी. सगळ्यांना क्रमांक मिळणार होते. गाईडला एक नंबर.

"आणि शिट्टी?" मी विचारलं.

"शिट्टी त्याच्याकडे द्यायची नाही," सेक्रेटरी म्हणाले. "बिचाऱ्याला एक दिवस तरी सुट्टी नको का?"