बुद्धीची बाटली

जगात जर्मनी, भारतात परभणी, असं आम्ही उगाच म्हणत नाही. तिकडं म्हातारी माणसं विसराळूपणावर जिंकोच्या पानांचा अर्क घेतात, इकडं आम्ही लेकरांना ब्राह्मी-शंखपुष्पीचं सिरप पाजतो. फेब्रुवारीत इथं तुराबुल हक बाबांचा उरूस आणि बारावीची परीक्षा एकदमच येतात. त्या दिवसांत बाटलीला बरकत. पुढून चष्मेवाला हुशार पोरगा, मागं घटकांची एवढी बारीक यादी, की वाचायला त्याचाच चष्मा मागावा लागेल. साखर मात्र न वाचताही जिभेला कळते.

जिंकोचं सांगायचं तर अमेरिकेत तीन हजारांवर वृद्धांची सुमारे सहा वर्षं चाचणी झाली. निम्म्यांना अर्क, निम्म्यांना बिनऔषधाची गोळी. २००८ मध्ये निकाल लागला: स्मृतिभ्रंश टळला नाही. ब्राह्मी त्या मानानं काठावर पास. काही छोट्या चाचण्यांत आठवण थोडी सुधारली, पण बारा-बारा आठवडे रोज घेतल्यावर. आमचं गिऱ्हाईक पेपरच्या आदल्या आठवड्यात बाटली फोडतं. पोट बिघडणं हा ब्राह्मीचा नोंदलेला दुष्परिणाम. तो बिचारा वेळेवर हजर होतो.

चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ पासून आहे. तो कुणाला आठवत नाही, ही गोष्ट वेगळी. आणि ज्या परीक्षा केंद्रावर उत्तरं खिडकीतूनच येतात, तिथं डोक्यात साठवायची गरजच काय? फेकणाऱ्याचा नेम चांगला असला की झालं.