हाडं, सवलत आणि चवथ

चवथीला गावी कशाने जायचं, यावर डोंबिवलीतल्या प्रत्येक कोकणी घरात जून-जुलैपासूनच खलबतं सुरू होतात. पहिला मान अर्थात कोकण रेल्वेचा. आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. निराश राहायचे दोन महिने वाचले, हेही काही कमी नाही. सकाळी आठला घरातले सगळे मोबाइल सज्ज. आठ वाजून दोन मिनिटांनी तुतारी, कोकणकन्या, मांडवी, सगळीकडे वेटिंग.

मग एसटी. इथे आजीचा भाव वधारतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट, बायकांना अर्धं तिकीट. पूर्ण पैसे मोजणारे एकटे बाबा, म्हणून खिडकी आजीला आणि मांडीवर पिशव्या बाबांना. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये करोनामुळे थांबली. करोना गेला, सवलत अजून यायची आहे. त्यामुळे ज्या हाडांना आडवं व्हायला बर्थ हवा, तीच हाडं सवलतीपायी मुंबई-गोवा महामार्गावर रात्रभर खडखडतात. या रस्त्याचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं, तेव्हा आजी साठीत होती. रस्ता पुरा झाला नाही, आजी मात्र फुकट तिकिटाला पात्र झाली. तिकीट राज्याचं, महामार्ग राष्ट्रीय. कंबरेचा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा, ते कोणी सांगत नाही.

राहिली खासगी बस. एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडं घेऊ नये, असा शासन निर्णय २०१८ चा आहे. दरवर्षी चवथीच्या तोंडावर तो सत्यनारायणाच्या पोथीसारखा वाचला जातो. प्रसाद मात्र बसवाले घेतात.

२०२५ मध्ये तर मोटारच मालगाडीवर चढवून कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्याला न्यायची सोय झाली. रस्त्याला कंटाळून मोटारीनेच रेल्वे पकडली म्हणायची!

निवडणूक जवळ असेल तर आणखी एक वाट उघडते: नेत्यांच्या मोफत गाड्या. दर्शनी भागावर साहेबांचा हात जोडलेला फोटो, आत वडापाव. यंदा आमच्या सोसायटीच्या फाटकाशी दोन पक्षांच्या गाड्या एकामागे एक उभ्या होत्या. कोणत्या गाडीत चढायचं, यावर बाबा आणि काका तत्त्वाचं बोलत राहिले. तोवर आजी पहिल्या गाडीत जाऊन बसलीसुद्धा.

"माका खिडकी गावली, झाला. फोटो कोणाचोय असांदे."