लॅपटॉपची तुला: इच्छुकांसाठी जाबता

पुण्याजवळ भीमा-इंद्रायणीच्या संगमावर तुळापूर नावाचे गाव आहे. तेथे मुरार जगदेवाने हत्तीच्या भारंभार दान करण्याचा संकल्प सोडला आणि हत्ती पेलेल असा तराजू काही मिळेना, तेव्हा शहाजीराजांच्या मसलतीने हत्तीस नावेत चढवून पाण्याची खूण केली, मग हत्ती उतरवून नाव त्याच खुणेपर्यंत बुडेतो तीत दगड भरले आणि ते दगड तोलले, अशी आख्यायिका आहे. लहान लॅपटॉप घेऊ इच्छिणाऱ्या गृहस्थाने प्रथम या कथेचे मनन करावे. कारण त्यालाही जे तोलावयाचे आहे ते तराजूत मावत नाही, आणि दुकानात त्याच्यापुढे मांडले जातात ते केवळ दगड.

हलकेपणा ही वस्तू मुळातच सापेक्ष. १९८१ साली ऑस्बॉर्न १ हा संगणक सहज नेता येण्याजोगा म्हणून बाजारात आला, त्याचे वजन सुमारे ११ किलो, पडदा ५ इंची आणि अंगची बॅटरी मुळीच नाही. म्हणजे मुक्कामी पोचल्यावर मालकाने आधी भिंतीतले सॉकेट आणि मग हाडवैद्य शोधावा, अशी एकंदर योजना होती. २००७ साली आसुसच्या ई पीसीने दुसरे टोक गाठले: वजन किलोच्या आत, पडदा ७ इंची, आणि ९०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ६३० वर आवरून धरलेला. उभयतांच्या दरम्यान कोठेतरी आपला खांदा आणि आपले काम यांचा तह व्हावयाचा असतो.

सामर्थ्याची कैफियत मात्र सविस्तर ऐकली पाहिजे. पातळ यंत्राच्या प्रोसेसरला साधारणतः १५ वॅटच्या आसपास खुराक मंजूर असतो, दणकट यंत्राच्या प्रोसेसरला ४५ वॅट किंवा त्याहूनही अधिक. आणि खाल्लेला प्रत्येक वॅट अखेर उष्णता होऊन बाहेर पडल्यावाचून राहत नाही. ज्या यंत्रात पंखा इवलासा, किंवा मुळीच नाही, ते पहिली काही मिनिटे शर्यतीच्या घोड्यासारखे उधळते, मग तापते, आणि नंतर आपण टांग्याला जुंपलेलो आहोत हे आठवून आपणहून चाल उतरवते. विक्रेत्याचे आकडे बहुधा त्या पहिल्या मिनिटांचे असतात. सबब परीक्षा घ्यावयाची ती वीस मिनिटांची घ्यावी: ब्राउझरची पंचवीस पाने उघडावीत, एखादी लांबलचक चित्रफीत रूपांतरास लावावी, यंत्र मांडीवर घ्यावे, आणि पँटीच्या कापडातून जो प्रत्यय येईल तो तपशीलवार नमूद करावा. दुकानातला तरुण मध्येच 'काका, हा एकदम पिसासारखा आहे' असे म्हणेल; त्यास शांतपणे विचारावे, की पिसाला पोर्ट किती.

तथापि जड यंत्राकडे कललेल्यानेही हुरळून जाऊ नये. चार्जर उपटताच असली बहुतेक यंत्रे हात आखडता घेतात, आणि न घेतला तर हिशेब उघड आहे: विमानात खास परवान्यावाचून नेता येणारी बॅटरी १०० वॅट-तासांपर्यंतची, उत्पादक सहसा ती हद्द ओलांडत नाहीत, आणि १०० वॅट खाणारे यंत्र तेवढी शिदोरी तासाभरात फस्त करणार. म्हणजे जे सामर्थ्य गावभर पाठीवर वागवले, ते भोगावयाचे भिंतीला टेकूनच.

आमच्या भाच्याने या प्रकरणी 'मामा, ग्राफिक्स कार्डवाला घ्या, पुढे लागेल' असा शेरा मारला होता. 'पुढे लागेल' हे तत्त्व आमच्या माळ्यावर पितळी पिंप आणि मोडक्या स्टोव्हच्या रूपाने दोन पिढ्या नांदत असल्यामुळे त्याचा अवमान आमच्याने करवत नाही. पण पिंप पाठीवर घालून कोणी रोज कचेरीत जात नाही. एका बाबीत मात्र भाच्याचे म्हणणे मान्य करावे: हलक्या यंत्रांत रॅम बहुधा डाख देऊन कायमची बसवलेली असते, मागाहून वाढवता येत नाही, तेव्हा ८ जीबीच्या स्वस्ताईला न भुलता १६ जीबीच घ्यावी.

खरेदीपूर्वी रोजकीर्द ठेवणे इष्ट. आम्ही ती ठेवली, पण खरेदीनंतर. तीन महिन्यांत लॅपटॉप पाठीवर निघाला असे दिवस ५८. घर आणि कचेरी वगळून तो अन्यत्र उघडला असे ४. त्यांपैकी एकदा लोणावळ्यास गाडी खोळंबली असता शेजारच्या आजोबांना नातवाचा फोटो पासपोर्टच्या मापाचा करून देण्याप्रीत्यर्थ. ते काम फोनवरही झाले असते, पण आजोबांचा फोनवर विश्वास नव्हता.

राहता राहिले प्रत्यक्ष वजन. माहितीपत्रकातले वजन हे अनशापोटी, अंगावर वस्त्र नसताना घेतलेले वजन होय, अशी शंका आल्यावरून आम्ही आपली पाठपिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो. मालकाने तराजूवरचा गूळ बाजूला सारला आणि मोठ्या अदबीने विचारले, "पिशवी वजा करू का?" आम्ही म्हटले, "नको. तीही आमच्याच खांद्यावर असते." यंत्र १ किलो १८० ग्रॅम, वायरीसकट चार्जर २९०, यंत्राला पोर्ट एकच, म्हणून घ्यावा लागलेला जोडठोकळा ९५, माऊस ८५, कव्हर २१०, पिशवी ९००. पाण्याची बाटली आणि डबा आम्ही लज्जेस्तव घरीच ठेवले होते. ज्या ४०० ग्रॅमांच्या बचतीसाठी आम्ही तीस हजार रुपये जास्त मोजले, ती बचत निघण्यापूर्वी बाटलीतले दोन पेले पाणी घरीच पिऊन फुकटात साधली असती, हे तेथे उभ्या उभ्या ध्यानात आले.

इतक्यात तराजूच्या पोटातून एक चिठ्ठी सरसरत बाहेर आली, कारण आधीच्या मालाची नोंद तशीच राहिली होती: गूळ, २ किलो ७६० ग्रॅम, दर ६० रुपये, एकूण १६५ रुपये ६० पैसे. ती आम्ही यंत्राच्या मूळ पावतीस टाचून दप्तरी दाखल केली आहे.