प्रॉम्प्टमधला अर्धा तास

टर्मिनलवर दिवस काढणारा माणूस प्रॉम्प्टची ओळ कधी वाचत नाही. शेवटी डॉलर आहे की हॅश, एवढं ओझरतं बघायचं (हॅश असला तर तुम्ही रूट आहात, हात जपून!) आणि कामाला लागायचं. ती ओळ सजवायची हौस मात्र दांडगी. कुणी तीत गिटची ब्रँच दाखवतो, कुणी बॅटरी. न्यूझीलंडमध्ये, क्राइस्टचर्चच्या रिकार्टन भागात राहायला आल्यावर मी तीत दोन वेळा घातल्या: एक इथली, एक पुण्याची. क्राइस्टचर्चच्या हिवाळ्यात भारत साडेसहा तास मागे, उन्हाळ्यात साडेसात. वजाबाकी काही अवघड नाही, पण एक ते चारच्या मध्ये पुण्यात आईला फोन लावण्याची जोखीम कोण घेणार?

एका जुलैत लिनक्सची नवी आवृत्ती चढवली. संध्याकाळी टर्मिनल उघडलं तर रंग जागच्या जागी, डॉलर जागच्या जागी, वेळा मात्र 19:04 आणि 07:04. दोन्हींची मिनिटं सारखी! भारताची मिनिटं इथल्याशी कधीच जुळत नाहीत, मध्ये अर्धा तास हवाच. तिकडे साडेबारा वाजून गेले असणार, तव्यावर पोळी असणार, आणि माझा प्रॉम्प्ट म्हणतोय सकाळचे सात.

बॅशआरसी उघडली. पीएस-वनमध्ये वेळ विचारणारी आज्ञा एकेरी अवतरणात ठेवावी लागते. दुहेरीत ठेवली तर फाइल वाचली गेली तेव्हाचीच वेळ दिवसभर दिसत राहते. ते ठीक होतं. मग तीच आज्ञा सुटी चालवून पाहिली. तारखेपुढे जिथे ‘आयएसटी’ यायला हवं तिथे आलं नुसतं ‘एशिया’. ना एरर, ना इशारा. तुर्कस्तानपासून जपानपर्यंत सबंध खंडाला एकच वेळ, आणि तीही ग्रिनिचची.

माझ्या ओळीत ‘एशिया/कॅलकटा’ होतं. शहराचं नाव 2001 साली बदललं, पुढे वेळांच्या जागतिक कोष्टकातही ‘एशिया/कोलकाता’ आलं आणि जुनं नाव टोपणनाव म्हणून उरलं. अलीकडे लिनक्सच्या काही आवृत्त्यांनी अशी जुनी नावं मूळ पॅकेजातून काढून ‘टीझेडडेटा-लेगसी’ नावाच्या वेगळ्या पॅकेजात ठेवली. ते घातलेलं नसेल तर यंत्राला कॅलकटा ठाऊकच नसतं. मग ते तिरक्या रेघेआधीचं ‘एशिया’ तेवढं उचलतं आणि ग्रिनिचची वेळ सांगून मोकळं होतं. माहीत नसलेला पत्ताही ठामपणे सांगणारे लोक मी पेठांमध्ये पाहिलेत. त्यांचीच ही जात.

या कोष्टकात पुणं नाहीच, मुंबईही नाही. 1906 मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने आपली 39 मिनिटं मागची वेळ 1955 पर्यंत टिकवली. एवढा हट्ट करूनही नाव लागलं ते कोलकात्याचं. तक्रार तरी कुणाकडे करायची? क्राइस्टचर्चची वेळही ऑकलंडच्याच नावावर आहे, आणि ते इथल्या माणसाला सांगून त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो. बाकी न्यूझीलंडने 1868 साली देशभर एकच वेळ लावली तीही ग्रिनिचच्या साडेअकरा तास पुढची. म्हणजे अर्ध्या तासाचं प्रेम एके काळी यांनाही होतं.

नावांच्या बाबतीत मात्र रिकार्टन समजूतदार. 1843 मध्ये इथे स्थायिक झालेल्या डीन्स बंधूंनी स्कॉटलंडमधल्या आपल्या गावाचं नाव या जागेला दिलं. त्यांच्या कुटुंबाने राखलेलं कहिकातिया वृक्षांचं जंगल आजही उभं आहे, आणि त्याचं नाव ‘रिकार्टन बुश’ आणि माओरी ‘पूतारिंगामोतू’ असं जोडीने लिहितात. यातलं कुठलंही नाव घ्या, माणूस त्याच झाडांखाली पोचतो.

लेगसी पॅकेज घालूनही काम भागलं असतं. मी कॅलकटा खोडून कोलकाता लिहिलं आणि फाइल पुन्हा सोर्स केली: 19:21, 12:51. एक वाजायला नऊ मिनिटं होती, तेवढ्यात फोन उरकला.

तुमच्याही जुन्या स्क्रिप्टांमध्ये, क्रॉनमध्ये किंवा डेटाबेसच्या सेटिंगमध्ये कुठेतरी कॅलकटा दडलेलं असेल. पुढचं अपग्रेड करण्याआधी एकदा ग्रेप मारून बघा. डेटाबेस निदान एरर तरी देईल. शेल तेवढंही करणार नाही.